सरकारी की कंपनी? खानदेशातल्या नव्या उमेदवारासाठी पगार एकाच मापाने मोजण्याची रीत

एका जाहिरातीत लिपिकाचं पद असतं: वेतनश्रेणी एस-६, १९,९०० ते ६३,२००. दुसरीकडे जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं ऑफर लेटर असतं: सीटीसी वर्षाला ४ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ३५,०००. घरात लगेच हिशेब होतो, पंधरा हजारांचा फरक आहे, कंपनी धर. किंवा उलट, पैसे कमी असले तरी सरकारी ते सरकारी. दोन्ही निर्णय चुकीच्या आकड्यांवर उभे आहेत. १९,९०० हे फक्त मूळ वेतन आहे, त्यावर भत्ते चढायचे आहेत. ३५,००० हा कंपनीचा एकूण खर्च आहे, त्यातून बरंच काही उतरायचं आहे. एक आकडा तळमजल्याचा, दुसरा गच्चीचा. आधी दोघांना एका पातळीवर आणायचं, मग तुलना करायची.

कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर घ्या. दोन रकाने करा.

आधी पाहा, 'सरकारी' म्हणजे नक्की कोणतं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. खानदेशात 'सरकारी नोकरी' या एका शब्दाखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी खपतात.

राज्य शासन आणि जिल्हा परिषद: तलाठी, लिपिक, पोलीस, आरोग्यसेवक, शिक्षक. यांना राज्याची सातव्या वेतन आयोगाची श्रेणी लागते. तिची सुरुवात एस-१ ला १५,००० पासून होते. केंद्र सरकारची गोष्ट वेगळी. भुसावळच्या रेल्वेत सगळ्यात खालच्या स्तराचं मूळ वेतनच १८,००० आहे, महागाई भत्ता राज्याच्या आधी जाहीर होतो आणि निवृत्तीचं वय ६० आहे. राज्यात गट अ ते क साठी ते ५८ आहे, फक्त गट ड ला ६०. शेवटची दोन वर्षं सगळ्यात मोठ्या पगाराची असतात, म्हणून हा फरक छोटा समजू नका.

दीपनगरचं वीजकेंद्र किंवा एसटी ही महामंडळं-कंपन्या आहेत. त्यांचे पगार त्यांच्या स्वतःच्या वेतनकरारांनी ठरतात, एस-श्रेणीचा तक्ता तिथे चालत नाही. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीही १ ऑक्टोबर २०२१ पासून संरक्षण खात्याच्या कंपन्यांकडे गेल्या आहेत. तिथली जाहिरात वाचताना नेमणूक कायम आहे की ठरावीक मुदतीची, ती ओळ शोधा.

शिक्षकांचा हिशेब तर वेगळाच करावा लागतो. नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो आणि त्याला १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला १६,००० मानधन मिळतं (माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयात २०,०००). तीन वर्षांनी तो २९,२०० च्या श्रेणीत जातो. म्हणजे तुलनेत पहिली तीन वर्षं मानधन आणि चौथ्यापासून पूर्ण पगार असे दोन तुकडे करायचे. पहिल्या तुकड्यात चांगली कंपनी पुढे असते, दुसऱ्यात ती क्वचितच गाठते.

खासगी संस्थेची शाळा असेल तर पहिला प्रश्न अनुदानाचा: पूर्ण अनुदानित, अंशतः की विनाअनुदानित? अंशतः अनुदानित शाळेत शासन पगाराचा ठरावीक टक्काच देतं, २०, ४०, ६० किंवा ८०. उरलेला संस्थेने द्यायचा असतो आणि अनेकदा तो मिळत नाही. शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (शासनाच्या पगारप्रणालीतला क्रमांक) हातात येईपर्यंत पगार सुरू होत नाही, हेही धरून चाला. आणि 'जागेचे' म्हणून लाखांत पैसे मागणाऱ्यापासून उठून या. शेत विकून दिलेल्या पैशाची पावती नसते आणि मान्यता अडली तर तो पैसा परत मागायला कोणताही कागद हातात नसतो.

शेवटचा प्रकार कंत्राटी. कार्यालय सरकारी, खुर्ची सरकारी, पण नेमणूकपत्रावर नाव ठेकेदाराच्या एजन्सीचं. ही खासगी नोकरी आहे. तिला खासगीच्या रकान्यात लिहा.

सरकारी रकाना भरा

लिपिक, एस-६, नेमणूक जळगावात. महागाई भत्ता इथे १ जानेवारी २०२५ पासूनच्या ५५ टक्के दराने धरला आहे. तुम्ही हिशेब कराल तेव्हा वित्त विभागाच्या ताज्या शासन निर्णयातला दर घाला.

मूळ वेतन: १९,९००
महागाई भत्ता ५५ टक्के: १०,९४५
घरभाडे भत्ता १० टक्के: १,९९०
एकूण: ३२,८३५

वाहतूक भत्ता यात धरलेला नाही. तो थोडा वर मिळतो.

घरभाडे भत्त्यात लोक हमखास चुकतात. मुंबई-पुण्यातला मित्र ३० टक्के घेतो, नाशिक किंवा मालेगावातला २०. जळगाव, धुळे, नंदुरबार झेड वर्गात (घरभाडे भत्त्यासाठीचा सगळ्यात खालचा गट) येतात, इथे १० टक्केच. युट्यूबवरचा 'तलाठ्याचा पगार किती' हा व्हिडिओ बहुतेक वेळा मोठ्या शहराच्या दराने केलेला असतो. तो आकडा घेऊन बसलात तर पहिल्या पगाराच्या दिवशी निराशा ठरलेली.

आता कपात. नव्या कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यातून एनपीएसला (राष्ट्रीय पेन्शन योजना) १० टक्के जातात: ३०,८४५ चे ३,०८५. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). उरले २९,५५०. गट विम्याची छोटी वर्गणी अजून जाईल. शासन एनपीएसमध्ये स्वतःचे १४ टक्के, म्हणजे ४,३१८ टाकतं. ते हातात येत नाहीत, पण तुमचेच आहेत. म्हणून शासनाचा तुमच्यावरचा महिन्याचा खर्च ३७,१५३ होतो. १९,९०० ची सरकारी 'सीटीसी' खरं तर ही.

कंपनीचा रकाना भरा

आता ऑफर लेटर उलगडा. सोबतचं 'ब्रेकअप'चं पान दिलं नसेल तर मागून घ्या. जी कंपनी ते द्यायला नाही म्हणते तिचा आकडा तुलनेला घेऊच नका. समजा ३५,००० ची फोड अशी आहे, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २२,००० आणि बाकी इतर भत्ते. त्यातून वजा होणारं पाहा:

कंपनीचा पीएफ हिस्सा, १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के: १,८००
पीएफचा प्रशासकीय व विमा खर्च: १५०
ग्रॅच्युइटी, मूळच्या ४.८१ टक्के: १,०५८
मेडिक्लेमचा हप्ता: समजा ६००
कामगिरीवर आधारित रक्कम: समजा ३,०००

हे सगळं ३५,००० च्या आतच आहे. वजा केल्यावर महिन्याचा ढोबळ पगार २८,३९२. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २६,३९२.

म्हणजे १९,९०० वाला हातात २९,५५० घेतोय आणि ३५,००० वाला २६,३९२. जाहिरातीतल्या आकड्यांवरून कुणाला हे वाटलं असतं?

'कामगिरीवर आधारित' किंवा 'व्हेरिएबल' या ओळीवर थांबा. ती दरमहा मिळते, तिमाहीला की वर्षाअखेरीस? वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर मिळते का? मागच्या वर्षी त्या विभागात प्रत्यक्ष किती टक्के दिली? शेवटचा प्रश्न मुलाखत घेणाऱ्याला नाही, तिथे काम करणाऱ्याला विचारा. खात्रीचं उत्तर मिळेपर्यंत ही रक्कम शून्य धरा.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. सीटीसीत दाखवतात, पण कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ती हाती लागत नाही. सूत्र असं: शेवटचा मूळ व महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्षानंतरही तिचा हक्क दिला आहे. याच संहितांनी भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवून मूळ वेतन बारीक ठेवण्याची जुनी युक्ती अवघड केली आहे. ऑफर लेटरमध्ये मूळ वेतन निम्म्याहून कमी दिसलं तर विचारा.

पगार २१,००० पर्यंत असेल तर मेडिक्लेमऐवजी ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) लागतो: तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. त्याच मर्यादेपर्यंत बोनसचाही हक्क आहे, किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. चटई कारखाने, डाळमिल, पाईपचे कारखाने इथली बरीच सुरुवातीची कामं याच पट्ट्यात येतात. तिथे आणखी एक तपासणी करा: तुमच्या उद्योगाचं आणि परिमंडळाचं किमान वेतन किती, त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो तुमच्या पगारात बदलतोय का.

म्हातारपणाचा पैसा

हातातल्या पगारात तीन हजारांचा फरक दिसला. खरी दरी इथे आहे. सरकारी लिपिकाच्या निवृत्ती खात्यात पहिल्याच महिन्यात त्याचे ३,०८५ आणि शासनाचे ४,३१८ मिळून ७,४०३ जमा होतात. कंपनीतल्याचे दोन्ही बाजूंचे १,८०० मिळून ३,६००. त्यातही मालकाच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शन योजनेकडे वळतात, पीएफ खात्यावर २,३५० च पडतात. महागाई भत्ता वाढला की सरकारी बाजूची वर्गणी आपोआप वाढते. १५,००० च्या मर्यादेवर कापणाऱ्या कंपनीत ती वर्षानुवर्षं तिथेच राहते.

पीएफच्या त्या पेन्शनचं सूत्रही माहीत असू द्या: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवा, भागिले ७०. वेतनाला १५,००० ची मर्यादा, म्हणून ३५ वर्षं भरूनही महिन्याला ७,५००. दहा वर्षं पूर्ण नसतील तर पेन्शनच नाही. म्हणून कंपनी बदलताना पीएफ काढून मोकळं होऊ नका. जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) नव्या मालकाला द्या आणि खातं पुढे चालवा. दर बदलीला नवा यूएएन उघडला की जुनी वर्षं सुटी पडतात आणि पुढे ती जोडताना नावातली वेलांटी, जन्मतारीख, सोडल्याची तारीख यांवर अर्ज परत येत राहतात.

कंपनीला पूर्ण मूळ वेतनावर पीएफ कापायला सांगता येतं का, हे विचारायला संकोच करू नका. २२,००० वर कापला तर हातातले ८४० कमी होतात आणि मालकानेही तेवढेच टाकले तर खात्यात महिन्याला १,६८० जास्त जातात. सीटीसी तीच ठेवून मालक स्वतःचा वाढीव हिस्साही तुमच्या भत्त्यातून काढणार असेल तर हातातली घट दुप्पट होते, हे आधी स्पष्ट करून घ्या.

सरकारी बाजूने एक भ्रम काढून टाका. वडिलांना किंवा काकांना मिळते ती पेन्शन तुमच्या हिशेबात धरू नका. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना ती योजना नाही, काही मोजके अपवाद सोडले तर. २०२४ मध्ये राज्याने शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत निवृत्तिवेतन देणारे पर्याय आणले आहेत. त्यांना सेवेच्या वर्षांच्या अटी आहेत. उशिरा, म्हणजे पस्तिशीनंतर लागणाऱ्याने त्या अटी आधी वाचाव्यात.

तास आणि रजा

राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वर्षाला ३० अर्जित, ८ नैमित्तिक, २० अर्धपगारी रजा. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचा पैसा मिळतो, जवळजवळ दहा महिन्यांचा पगार. दुकाने-आस्थापना कायद्याखाली खासगीत ८ सणांच्या सुट्या, ८ नैमित्तिक आणि २० दिवसांच्या कामामागे एक रजा. साठवण ४५ दिवसांपर्यंत.

पूर्ण रजा घेतली असं धरून कामाचे दिवस मोजले तर सरकारी कार्यालयात वर्षाला २१० च्या आसपास, सहा दिवसांच्या कंपनीत २८२ येतात. आठ तासांच्या दिवसाने वरच्या हातातल्या पगाराचा ताशी भाव काढा: सरकारी साधारण २१० रुपये, कंपनी १४०. पाळी बारा तासांची असेल आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळत नसेल तर तो आणखी घसरतो. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मे महिन्यात मोल्डिंग मशीनसमोर उभं राहून काढलेला तास आणि कूलरखालचा तास एकच नाही. त्याला आकडा लावता येत नाही, पण निर्णयात तो मोजा.

मात्र हा हिशेब पोलीस शिपाई, परिचारिका किंवा एसटीच्या वाहकाला लावू नका. पाच दिवसांचा आठवडा त्यांना नाही.

आजारपण

सरकारी कर्मचाऱ्याला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. आधी खिशातून भरायचं, मग बिलं, डिस्चार्ज कार्ड, प्रमाणपत्रं जोडून प्रस्ताव पाठवायचा आणि वाट पाहायची. महिने जातात. म्हणून सरकारी नोकरीतही घरात लाख-दीड लाख हाताशी हवेत. मूळ पावत्या हरवल्या की प्रस्ताव तिथेच संपतो. अवलंबून असलेले आई-वडील यात येतात, हा मोठा आधार आहे.

कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बिल बहुधा थेट विमा कंपनी भागवते, पण आई-वडील धरलेत का, मर्यादा किती, आणि जळगाव-धुळ्यातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत हे विचारा. यादी नाशिक-पुण्यापुरती असेल तर रात्री दोनला चाळीसगावात तिचा उपयोग नाही. नोकरी सुटली की त्या दिवसापासून विमाही सुटतो.

दहा वर्षांनी काय

आजच्या पगारावर निवड करू नका. एस-६ मध्ये दरवर्षी सुमारे ३ टक्के वाढ आहे: १९,९०० नंतर २०,५००, २१,१००, आणि दहा वेतनवाढींनी २६,८००. वर महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. बढती मिळाली नाही तरी आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वरच्या श्रेणीचा लाभ आहे. वाढ संथ आहे, पण थांबत नाही. थांबली होती ती करोनाच्या काळात: केंद्राने जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले होते. आठव्या वेतन आयोगाचे अंदाज मात्र हिशेबात घालू नका. शासन निर्णय निघाला की घाला.

कंपनीत उलट. टूलरूमचा चांगला फिटर, मोल्डिंगचा सेटर, जीएसटी आणि टॅली दोन्ही येणारा अकाउंटंट, ठिबकचा डिझाइन करणारा कृषी अभियंता, यांचा पगार कंपनी बदलून पाच वर्षांत दुप्पट होऊ शकतो. साधी सुपरवायझरी, पॅकिंग, गोदाम यांचा होत नाही. म्हणून स्वतःला विचारा: माझ्याकडे असं कसब आहे का, ज्यासाठी समोरचा कारखाना मला जास्त देऊन नेईल? उत्तर हो असेल तर कंपनीचा रकाना इथून पुढे भरभरून लिहा.

आणि थांबण्याची किंमत लिहा. अभ्यासिकेत तीन वर्षं काढली आणि त्या काळात १५,००० चंही काम केलं नाही तर ५ लाख ४० हजारांचं उत्पन्न गेलं. वर खोलीभाडं, मेस, शुल्क. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ वयोमर्यादा आहे म्हणून तोपर्यंत थांबणं परवडतं असं नाही. किती प्रयत्न करायचे ते आज, वहीत, आकड्याने लिहा.

नेमणूक कुठे

धडगाव किंवा अक्कलकुव्यात नेमणूक आणि घर जळगावात, म्हणजे दोन संसार. एसटीचा किंवा मोटारसायकलचा खर्च, तिथली खोली, मुलांची शाळा हे हातातल्या पगारातून वजा करा. आदिवासी क्षेत्रात असेपर्यंत वरच्या पदाची श्रेणी देणारी 'एकस्तर' योजना आहे, ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने. तिचा लाभ लागला का ते पगारपत्रकात बघा, कारण तो आपोआप लागेल असं धरून वर्षं गेलेले लोक आहेत. त्या भागातून बदली झाली की तो पगार खाली येतो. त्याच्या जोरावर कर्जाचा हप्ता ठरवू नका.

घरी चार-पाच एकर केळी किंवा कपाशी असेल तर गावाजवळची नोकरी शेतही सांभाळू देते. त्या उत्पन्नाचा जेवढा भाग तुमच्या हजेरीवर अवलंबून आहे, तेवढाच रकान्यात धरा.

कागद

सरकारी बाजूला जातवैधता प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी आणि लिपिकाला टंकलेखन प्रमाणपत्र (मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट) यांत नोकऱ्या अडतात. राखीव जागेवर निवड झाली असेल तर वैधतेचा अर्ज निवडीची वाट न पाहता आधी करून ठेवा. कंपनीची चालू नोकरी नेमणूक आदेश हातात पडल्याशिवाय सोडू नका. निवड यादी म्हणजे आदेश नव्हे, आणि दोन्हींत वर्षही जाऊ शकतं.

खासगी आणि कंत्राटी बाजूला पहिल्या पगारानंतर दीड महिन्याने पीएफचं पासबुक उघडा. पगारातून १,८०० कापलेले दिसतात आणि पासबुकात काहीच नाही, ही ठेकेदाराकडची नेहमीची तक्रार आहे. पगारपत्रक, बँकेचं विवरण आणि यूएएन घेऊन त्याच महिन्यात पीएफ कार्यालयात तक्रार द्या. तीन वर्षांनी गेलात तर ठेकेदार बदललेला असतो.